हवेचे माप

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाने मोटारीच्या इंजिनाच्या नादी लागावे, ही गोष्ट कोणास फारशी शोभिवंत वाटणार नाही. मलाही ती सांगताना संकोच होतो. परंतु मुले मोठी झाली, घराचे कर्ज फिटले, आणि आयुष्यात प्रथमच थोडे पैसे व पुष्कळ रिकामा वेळ एकदम हाती आला, म्हणजे माणसाला काय सुचेल याचा नेम नसतो. कोणी तीर्थयात्रेस निघतो, कोणी गच्चीवर गुलाब लावतो. मी माझ्या दहा वर्षांच्या मोटारीस हवा आत घेणारी मोठी नळी बसविली.

विकणारा म्हणाला होता, "बसवा आणि चालवा." माझा मुलगा म्हणाला, "बाबा, नळी बदलली की ट्यूनिंगही नव्याने करावे लागेल." यंत्रशास्त्राचा पदवीधर मुलगा आणि गल्ल्यावरचा दुकानदार यांपैकी मी कोणाचे ऐकले, हे सांगावयास नकोच.

नळी बसल्यावर इंजिनाचा स्वर चांगलाच भारदस्त झाला. पंधरा दिवस मी त्या स्वरावर खूष होतो. मग समोर एक पिवळा दिवा लागला. त्याकडे मी काणाडोळा केला. पुढे साताऱ्यास जाताना खंबाटकीचा घाट चढत असता एका ट्रकला मागे टाकण्यासाठी मी पाय पूर्ण दाबला, तोच पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज इंजिनातून येऊ लागला.

"अहो, हा आवाज कसला?" पत्नीने विचारले.

"रस्ता खराब आहे," मी म्हणालो.

रस्ता उत्तम होता. तिने खिडकीतून त्याच्याकडे एकवार पाहिले, आणि ती काही बोलली नाही.

परतल्यावर मुलाने सांगितलेल्या कारखान्यात गेलो. तेथला तरुण माझा जुना विद्यार्थी निघाला. इंग्रजीत तो दोनदा नापास झाला होता, हे आम्हा दोघांसही आठवत होते. नळीतला हवामापक त्याने काढून दाखविला. त्यात एक बारीक तापलेली तार असते. वाहती हवा तिला निववते. तिला पुन्हा तितकीच तापलेली ठेवण्यास जो विद्युत्प्रवाह लागतो, त्यावरून किती हवा आत गेली याचा हिशेब इंजिनाचा संगणक करतो, आणि त्या मानाने पेट्रोल सोडतो. सर्वसाधारणपणे 14.7 भाग हवेस 1 भाग पेट्रोल, हे वजनी प्रमाण. परंतु तार पाहते ती फक्त आपल्या अंगावरून जाणारी हवा. सगळ्या नळीतून किती गेली, हे संगणक जुन्या नळीच्या रुंदीवरून ठरवितो. माझी जुनी नळी 60 मिलिमीटरांची होती, नवी 70 ची. एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर मी वर्ग मांडले: 3600 आणि 4900. म्हणजे तीच हवा आता संथ वाहणार, आणि संगणक 100 ग्रॅमांस सुमारे 73 च मोजणार. तार तीच होती, खोटेही बोलत नव्हती. तरी हिशेब पाऊणपटीवर आला होता.

"मग इतके दिवस गाडी चालली कशी?" मी विचारले.

"मॉडरेशनवर, सर," तो गंभीरपणे म्हणाला. धुराच्या वाटेवर प्राणवायूचे माप घेणारा दुसरा सेन्सर असतो. पेट्रोल कमी पडते आहे असे तो कळवितो, आणि संगणक वाढवून देतो. त्या वाढीची मर्यादा गाठली, की पिवळा दिवा लागतो. मात्र पाय पूर्ण दाबला, की बहुतेक गाड्यांत हा दुसरा साक्षीदार बाजूला ठेवला जातो. मिश्रणात पेट्रोल अधिक हवे, नेमके तेव्हाच ते कमी पडते. शिवाय भार हलका आहे असे समजून संगणक ठिणगीही लवकर पाडतो. खडे वाजले ते त्यामुळे. "असेच घाट चढत राहिला असतात, तर पिस्टनला भोकही पडू शकले असते," तो म्हणाला. त्या घाटात माझ्या शेजारी कोण बसले होते, ते मी त्याला सांगितले नाही.

नुसत्या त्रैराशिकाने हे काम भागत नाही, कारण नळीत हवा सर्वत्र सारखी वाहत नाही. गाडीची चाके रुळांवर फिरवून, धुरातला प्राणवायू मोजीत, तो लॅपटॉपवर तक्त्यातला एकेक आकडा बदलीत गेला. दुपार गेली. शक्तीत पडलेली भर इतकी अल्प होती, की तो आकडा मुलास सांगण्याचे मी अद्याप टाळले आहे. जुनी नळी करणारे लोक अगदीच अडाणी नव्हते, एवढे खरे.

गेल्या महिन्यात पुन्हा साताऱ्यास निघालो. घाट सुरू झाला, तशी पत्नीने हात पुढे करून रेडिओ बंद केला. मी पाय दाबला. वळणामागून वळण गेले. इंजिन आपल्या भारदस्त स्वरात एकसारखे चालले होते.

"रस्ता दुरुस्त केलेला दिसतो," ती म्हणाली.