मांडवीतल्या चिपेस, रिद्धपूरहून

प्रिय चिपे,

तू सध्या माझ्या टेबलाच्या खणात आहेस. काठावर रंगीत पट्टे, मधोमध आकडा, भोवती जहाजाचं नाव. पणजीच्या जेट्टीवरून छोट्या बोटीनं मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजावर गेलो, तिथं प्रवेशाच्या पैशांतच तुझ्यासारख्या काही हातावर ठेवल्या गेल्या. तुला काउंटरवर कोणी पैशांत बदलून देत नाही, एकदाच खेळायची म्हणून तू दिलेली. म्हणजे लावायचीच. टेबलावर बसायच्या आधी दोस्त म्हणाला, "अबे, एक खिशात टाक आधी, मंग बस." त्याचा हा नेम जुना आहे. जहाज बदललं की नवी चिप. त्याचा बिस्किटांचा डबा तुझ्या बहिणींनी भरत आलाय.

तुझी करामत मला ठाऊक आहे. पाचशेची नोट मोडताना आम्हा वऱ्हाडातल्या माणसाचा हात आखडतो. तेच पैसे चिप होऊन आले की कसे सुटतात! रुलेटवर दोस्त तुमचा ढीग असा सरकवतो, जसं काही ताटातलं नको ते बाजूला करतोय. कापसाचा भाव ठरवताना हाच माणूस व्यापाऱ्याशी तासभर हुज्जत घालतो.

त्याला टोकलं की तो आमच्याच गावाचा दाखला देतो. रिद्धपूरला आलेला सगळ्यात मोठा पाहुणा जुगारातच हरून आला होता की नाही? आला होता, खरं आहे. लीळाचरित्रात आहे ते. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव द्यूतात हरला. बायकोकडे, कमळाइसेकडे, दागिने मागितले. तिनं दिले नाहीत. पैसे वडिलांनी भागवले, पण त्याचं मन संसारातून उठलं. रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून निघाला तो इथं गुरू गोविंदप्रभूंपाशी पोचला, आणि पुढं चक्रधरस्वामी म्हणून ओळखला गेला. दोस्त गोष्ट इथवरच सांगतो. स्वामींच्याच महानुभाव पंथात उपदेश घेताना सात व्यसनं सोडावी लागतात आणि द्यूत त्यांतलं एक, हे तो गाळतो.

मला त्या गोष्टीत कौतुक लीळाचरित्र लिहिणाऱ्या म्हाइंभटाचं वाटतं. 1278 च्या सुमारास, याच गावात, स्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून त्यानं जमवल्या. ज्याला परमेश्वर मानायचं त्याचं जुगारात हरणं, बायकोचा नकार, बापानं फेडलेली बाकी, काहीच झाकलं नाही. आमच्याकडे भक्त स्वामींचा स्पर्श झालेले दगडही जपून ठेवतात, नमस्कार करतात. पण दगडासोबत त्याची लीळाही सांगतात.

तू मात्र काही सांगत नाहीस. दोस्ताचा डबा उघडला की जहाज आठवतं, गाणी आठवतात, रात्रीचं जेवण आठवतं. नेलेले पैसे कुठं गेले ते कुठल्याच चिपेवर नाही. कराचंही तसंच. 1 ऑक्टोबर 2023 पासून चिप्स घेण्याच्या रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. हरण्याआधीच एवढं गेलेलं असतं. जी चिप माणूस विकत घेऊन आठवण म्हणून घरी नेतो, तिचे पैसे तर कॅसिनोच्या मालकाला परत द्यावेच लागत नाहीत. असला संग्रह त्याला का आवडणार नाही?

महाराष्ट्रात तुझा धंदा चालत नाही. 1976 साली कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा झाला, पण अंमलात कधी आलाच नाही, 2023 साली सरकारनं रद्द करायचं ठरवलं. म्हणून तुझ्यासाठी पणजी गाठावी लागते. तिथंही 2020 पासून खुद्द गोवेकरांना टेबलाशी बसायला बंदी आहे, आम्ही पाहुणे तेवढे चालतो!

तर मी तुझ्याखाली एक चिठ्ठी ठेवलीय: तारीख, जहाज, नेले किती, आणले किती. दोस्त म्हणतो, "अबे, मजेच्या गोष्टीले कायची खातेवही?" त्याच्या डब्यातही एकेक चिठ्ठी घालीन म्हटलं, तर त्यानं झाकणच दाबून धरलं.

तुझा,
रिद्धपूरकर