पायरीवरील उडी

आमच्या घरांत सध्यां आठ माणसें आहेत, व त्यांपैकीं जें सर्वांत लहान तेंच सर्वांवर सत्ता गाजवितें, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस निराळें सांगावयास नको. आमचा हा धाकटा नातू गेल्या ज्येष्ठांत चार वर्षांचा झाला. अक्षरें ओळखतो, शंभरापर्यंत अंक म्हणतो, पुण्यापासून मुंबईपर्यंतच्या आगगाडीच्या स्थानकांचीं नांवें ओळीनें सांगतो. आल्यागेल्यासमोर त्याची ही परीक्षा घेण्याची आम्हांस मोठी हौस. तो मांडी घालून बसे, आम्ही प्रश्न विचारीत असूं, आणि पाहुणे कौतुकानें मान डोलवीत. मूल किती शांत आहे हो, असें कोणीं म्हटलें कीं त्याचें श्रेय आम्ही निमूटपणें आपल्या पदरांत पाडून घेत असूं.

मार्गशीर्षांत त्याच्या बालवाडीचा क्रीडादिन झाला. मैदानावर चुन्याच्या रेघा ओढल्या होत्या व मध्यें विटांचा एक वीतभर उंचीचा ओटा रचला होता. मुलांनीं धांवत यावें, ओट्यावर चढावें, पलीकडे उडी मारावी आणि टोपलींतला चेंडू उचलून परत यावें, एवढाच खेळ. एक मुलगी चेंडू घेऊन सरळ आपल्या आईकडे गेली. एकानें टोपलीच उचलली. आमचे नातूसाहेब ओट्यापर्यंत आले, वर चढले, खालीं पाहिलें, आणि तेथेंच बसले. मग दोन्ही हात विटांवर टेकून, एकेक पाय खालीं सोडीत ते सावकाश उतरले. मंडळी प्रेमानें हंसली. आम्हीही हंसलों, शेजारच्या गृहस्थांस "विचारी आहे हो!" असेंही म्हणालों. आमच्या सूनबाई मात्र हंसल्या नाहींत.

पुढच्या आठवड्यांत बालवाडींतल्या बाईंनीं आम्हांस थांबवून घेतलें. "आजोबा, रागवूं नका," त्या म्हणाल्या, "त्याच्या बुद्धीविषयीं कांहीं बोलावयास नको. पण जिना उतरतांना तो अजून प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणतो. चेंडू अंगावर आला कीं डोळे मिटतो. मधल्या सुटींत भिंतीला टेकून उभा राहतो. घरीं तो खेळतो कोठें?" दिवाणखान्यांत, असें आम्हीं सांगितलें. "आणि किती वेळ?" ह्या प्रश्नास मात्र आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. डॉक्टरांनीं त्यास चालवून, वांकवून, गुडघे दाबून पाहिलें. पायांत कांहीं दोष नाहीं, पायांना काम नाहीं, असें त्यांचें निदान पडलें.

त्या रात्रीं आम्हीं नातवाच्या दिवसाचा जमाखर्च मांडला. घर सहाव्या मजल्यावर. खालीं जावयाचें तें लिफ्टनें. बालवाडीस मोटारींतून जाणें, मोटारींतून येणें. दुपारीं जेवतांना त्यानें उठूं नये म्हणून हातांत मोबाइल. आणि तो प्रथम देणारे आम्हीच, हें येथें कबूल केलें पाहिजे. मग झोंप. संध्याकाळीं अक्षरओळख, ती आमच्याजवळ. राहिलेल्या वेळांत तो सोफ्यावर चढूं लागला, कीं घरांतील सात मोठ्या माणसांपैकीं कोणीतरी "पडशील!" म्हणून ओरडणार. एके दिवशीं चहापासून रात्रींच्या जेवणापर्यंत आम्हीं हे शब्द मोजले. सत्तावीस वेळां! त्यांतले अकरा आमचे स्वतःचे होते.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं पांच वर्षांखालील मुलांकरितां कांहीं सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. तीन-चार वर्षांच्या मुलानें दिवसभरांत मिळून निदान १८० मिनिटें हालचाल करावी, त्यांतलीं निदान ६० मिनिटें चांगला दम लागेल अशी ती असावी, पडद्यासमोर बसणें एका तासाहून अधिक नसावें, आणि झोंप १० ते १३ तास असावी, असें तींत सांगितलें आहे. आमच्या हिशेबांत झोंप तेवढी पुरी भरली. हालचालीचीं मिनिटें ओढूनताणून चाळीस झालीं.

मुलांस व्यायाम हवा तो हाडें व स्नायू बळकट होण्यासाठीं, एवढेंच आम्ही समजत होतों. परंतु तोल सांभाळण्याचें इंद्रिय कानाच्या आंत असतें. तें, डोळे व पायांचे स्नायू ह्यांचा एकमेकांशीं मेळ बसावयास मुलानें शेंकडों वेळां चढावें, उतरावें व थोडेंबहुत पडावेंही लागतें. दिवसाच्या उजेडांत बाहेर हिंडणाऱ्या मुलांस लघुदृष्टीचा चष्मा लागण्याचा संभव कमी असतो, असेंही आतां आढळून आलें आहे. आमच्या लहानपणीं हें कोणास माहीत होतें? वाड्याला चौक होता, चौकाला ओटा होता, आणि आमची आई आम्हांस स्वयंपाकघरांतून बाहेर हांकलीत असे. आमच्या उजव्या गुडघ्यावर त्या ओट्याची खूण अद्याप आहे.

ह्या निमित्तानें एका शब्दाकडे आमचें लक्ष गेलें. ताराबाई मोडक ह्यांनीं गिजुभाई बधेका ह्यांच्यासह १९२६ सालीं भावनगरास नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला; पुढें १९४५ मध्यें त्या बोर्डीस गेल्या, व नंतर अनुताई वाघ ह्यांच्यासह कोसबाडच्या आदिवासी मुलांत त्यांनीं काम केलें. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळेनेंच मुलांकडे जावें, म्हणून त्यांनीं वस्तींतल्या अंगणांत बालवाडी भरविली व तिला अंगणवाडी म्हटलें. १९७५ सालीं सुरू झालेल्या सरकारी योजनेंत तेंच नांव देशभर गेलें. नांवांत अगोदर अंगण आहे, वाडी मागाहून! आम्हीं नातवासाठीं बालवाडी शोधली तेव्हां अक्षरें कधीं शिकवितां, इंग्रजी कधीं शिकवितां, हें सर्व विचारलें. अंगण किती, हें विचारण्याचें आमच्या मनांतही आलें नाहीं.

चूक कळली तरी ती सुधारतांना दुसरी चूक करणें हा वडीलधाऱ्यांचा हक्कच आहे. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनीं आपल्या संस्थानांतील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले, तें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवून आम्हीं दुसऱ्याच दिवशीं सकाळीं सहा वाजतां नातवास शेजारीं उभें केलें आणि आंकडे मोजूं लागलों. पहिल्या दिवशीं सहा झाले, दुसऱ्या दिवशीं चार, तिसऱ्या दिवशीं रडें. सूनबाई आंतून आल्या, त्यास उचलून घेतलें व म्हणाल्या, "बाबा, त्याला कवाईत नको आहे. त्याला खालीं जावयाचें आहे."

हें वाक्य आम्हीं पूर्वीं ऐकलें होतें. बरोबर एक वर्षापूर्वीं, ह्याच खोलींत, संध्याकाळीं तासभर त्याला खालीं नेऊं का, असें त्यांनीं विचारलें होतें. आम्हीं मोटारी सांगितल्या, धूळ सांगितली, डांस सांगितले, आणि ती अक्षरओळखीची वेळ आहे असें सांगून विषय संपविला. त्या गप्प राहिल्या. घरांतील सून गप्प राहिली म्हणजे तिला पटलें, असें समजण्याची आम्हां सासऱ्यांस संवय आहे. त्या सकाळीं आम्हीं त्यांस एवढेंच म्हटलें, "तुमचें बरोबर होतें, आम्हीं ऐकावयास हवें होतें." त्यांनीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. परंतु संध्याकाळीं चहाबरोबर आमचे जोडेही पुढें आले, कारण नातवास खालीं नेण्याचें काम आमच्याकडे सोंपविण्यांत आलें होतें.

तेव्हांपासून आम्ही रोज पांच वाजतां उतरतों. शेवटचे दोन मजले जिन्यानें. खालीं मोटारींच्या मधून जेवढी जागा उरते तेवढींत शिवाशिवी, लंगडी, तळ्यांत-मळ्यांत. लंगडी त्यास अजून जमत नाहीं. तळ्यांत-मळ्यांत मात्र फार आवडतें, कारण त्यांत आजोबाच वारंवार चुकतात. घरांत जुन्या गाद्या एका खोलींत पसरून दिल्या आहेत. भाजीची लहान पिशवी तो स्वतः वर आणतो. आमच्या सौभाग्यवतींस "पडशील" म्हणण्याची संवय सोडणें सर्वांत जड गेलें. त्या आतां नातू उडी मारतांना डोळे मिटून घेतात. सूर्यनमस्कारही तो घालतो, पण केव्हां, तर आम्ही घालीत असतांना, आमच्या पायांमधून शिरून, मनास येईल तसे.

रविवारची सकाळ तरी इमारतीच्या आवारांतून मोटारी हलवून दोन तास तें मुलांस मोकळें ठेवावें, असा अर्ज आम्हीं रहिवाशांच्या मंडळाकडे दिला आहे. मोटारी ठेवावयाच्या कोठें, ह्यावर दोन सभा झाल्या. तिसरी व्हावयाची आहे. तोंवर रविवारीं आम्ही पर्वतीस जातों. तेथील १०३ पायऱ्या लांबरुंद व मुलांच्या पायांस सोयीच्या आहेत. पहिल्या रविवारीं तो निम्म्यावरूनच परतला. गेल्या रविवारीं वरपर्यंत गेला, आणि उतरतांना आमचें बोट सोडून एका पायरीवर एक, दुसरीवर दुसरा, असा चालूं लागला. शेवटच्या पायरीवर थांबला. खालीं पाहिलें. आमच्या तोंडांत तो शब्द आला होता, तो आम्हीं गिळला. त्यानें दोन्ही पाय जोडून उडी मारली, गुडघ्यावर पडला, उठला, खरचटलेलें पाहिलें, आणि पुन्हां ती पायरी चढूं लागला.