काचेची पाठ

तंजावूरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या (राज्यकाल १७९८–१८३२) संग्रहात हस्तिदंती सांगाडा, वायुपंप आणि विद्युत्यंत्र होते. त्या काळच्या विद्युत्यंत्रात काच फिरवून घासली जाई; घर्षणाचा भार काचेवर साचे, कारण ती त्याला अंगातून जाऊ देत नाही. या दरबाराचे मोडी दप्तर सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. मोडी वाचणारे विरळ होत चालले, तसतशी यंत्रे हाताळणाऱ्या या मराठीची ओळखही पुसट होते. परिभाषाकार मात्र नवे संस्कृत शब्द घडवीत बसतात.

आता त्याच काचेवर कथील मिसळलेल्या इंडियम ऑक्साइडचा, मिलिमीटरच्या एकदोन दशसहस्रांश जाडीचा थर चढवतात. काच पारदर्शकच राहते, पण पृष्ठावरून वीज वाहते. खरे नाट्य थराच्या कडेला घडते. तेथील हायड्रॉक्सिल गटांशी फॉस्फॉनिक आम्लाचे रेणू जखडले जातात. त्यांची साखळी लांब असेल तर द्रावणातल्या रेणूकडे जाणारा इलेक्ट्रॉन मंदावतो. या संक्रमणापूर्वी भोवतालच्या द्रावकालाही मांडणी बदलावी लागते, हे रुडॉल्फ मार्कस यांनी १९५६ पासून मांडले. १९९२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पृष्ठ कसे धुतले, यावरही मोजमाप बदलते. मराठीत ‘वरवरचे’ हा हिणवण्याचा शब्द. येथे तो निरुपयोगी ठरतो.

तंजावूरचा काचचित्रकार काचेच्या पाठीवर उलटे रंगवतो: दागिने, रेषा आधी, पार्श्वभूमी शेवटी. पहिला थर चुकला, तर तो वरून झाकता येत नाही.