एक मेंढी, एक कोकरू

निफाडच्या थंडीचे आकडे दर डिसेंबरात बातम्यांत येतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो आणि नाशिकमधले आम्ही त्याचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो. त्याच दिवसांत माझ्या मामाचा वाडा निफाडच्या एखाद्या मोकळ्या वावरात उतरलेला असतो आणि त्याच्या मेंढ्या वीत असतात.

वाडा म्हणजे दगडी घर नव्हे. मेंढ्या, दोन-चार शेळ्या, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि माणसं मिळून चालणारं बिऱ्हाड. मामा नांदगावकडचा धनगर. पावसाळा सरला की चाऱ्यामागे निघायचं, रात्री कुणाच्या वावरात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. जूनच्या पहिल्या हिरवळीवर गाभण राहिलेल्या मेंढ्या पाच महिन्यांनी, दिवाळीच्या आगेमागे विऊ लागतात. म्हणजे चालणं आणि बाळंतपणं एकदमच.

कोकरू पडलं की मामी त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसते आणि मेंढीला चाटू देते. चाटण्यानं ते कोरडं होतं, शिवाय आईला त्याचा वास कळतो. पुढे अख्ख्या कळपात ती त्याला त्या वासावरच ओळखते. मग चीक. पोटात असताना कोकराला आईकडून रोगांशी लढायची ताकद मिळत नाही; ती पहिल्या काही तासांतल्या चिकातूनच येते. मामी हे कुठं शिकलेली नाही, पण चीक प्याल्याशिवाय ती कोकरू मोजत नाही. रात्री दोनला मामाचा पहिला प्रश्न नर की मादी हा नसतोच. "प्यालं का?" एवढंच.

ओल्या थंडीपुढे मात्र चीकही कमी पडतो. डिसेंबर २०२१च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि गारठा एकत्र आला, तेव्हा पुणे आणि नगर जिल्ह्यांत उघड्यावर बसलेल्या शेकडो मेंढ्या मेल्या. पूर्ण वाढलेल्या, लोकर असलेल्या मेंढ्या. कोकरांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं, जुळी देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. मोबाइलवर हे वाचून मी मामाला उत्साहानं सांगितलं. मेंढ्या तेवढ्याच, कोकरं जास्त!

मामानं शांतपणे ऐकून घेतलं. "पोरी, मेंढी दिवसभर चालती. चालून जे उरंल त्याचं दूध हुतं. ते एकालाच पुरतं."

आमची दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. मला तो तिचा कमीपणा वाटायचा. पण कधी जुळं झालं, की त्यातलं अशक्त कोकरू शेळीला लावावं लागतं. वाडा हलला की ते घोड्यावर भांड्याकुंड्यांच्या मधे बसतं. अशी चार-पाच झाली तर शेळ्या पुरत नाहीत, घोडीही पुरत नाही. एका जागी बांधून, खुराक देऊन सांभाळलेल्या मेंढीला जुळं ही कमाई. चालत्या मेंढीला एकच बरं.

मामी चुलीपाशी ऐकत होती. "आणा की सुवर्णा," ती म्हणाली, "पण आधी पत्रे आणा. चार भिंती घाला. मग दोन काय, तीन कोकरं सांभाळते मी."

मामा काही बोलला नाही.

यंदा त्यांची मुलगी दहावीला आहे. मामी तिच्यासोबत गावी थांबणार आहे. म्हणजे निफाडच्या थंडीत कोकरू प्यालं की नाही, हे बघायला मामा एकटाच असेल. म्हणून त्यानं गाभण मेंढ्यांतल्या वीस विकायला काढल्यात. त्या पैशांतून पत्रे घ्यायचे की मुलीच्या क्लासची फी भरायची, यावर फोनवर रोज बोलणं चालू आहे.