गोळी कोणी थांबवायची?

"शेक घ्या, गोळ्या चालूच ठेवा, काही होत नाही." माझ्या भासऱ्यांना हे सांगणारा माणूस आजही दिग्रसमध्ये सकाळी सकाळी लोकांना वजनकाट्यावर उभं करतो, म्हणून हे लिहायला बसले.

आधी माझं थोडक्यात. मी शिक्षिका. वजन ९७ किलो, सोबत साखर, बीपी आणि कुरकुरणारे गुडघे. नागपूरच्या डॉक्टरांनी मला दिवसाला ८०० कॅलरींच्या आहारावर ठेवलं. पावडर पाण्यात कालवून चार वेळा प्यायची, वर भरपूर पाणी आणि रात्री इसबगोल. सुरुवातीला डोकं दुखे, थंडी वाजे. मग भूक मंदावली. शेतातल्या रोडग्यांच्या कार्यक्रमात वांग्याच्या भाजीचा वास घेत मी नुसती बसून राहिले, तेही जमलं.

पण पावडर हाती देण्याआधी त्यांनी ईसीजी काढला, किडनी, पोटॅशियम, युरिक ॲसिड तपासलं. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून सोनोग्राफीही केली. आणि पहिल्याच दिवशी माझ्या साखरेच्या नि बीपीच्या गोळ्या बंद केल्या. मी घाबरले. तेव्हा त्यांनी न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांचं काम समजावून सांगितलं. २०११ साली टेलर यांनी मधुमेहाच्या ११ जणांना ८ आठवडे ६०० कॅलरींवर ठेवलं होतं. आठवडाभरातच त्यांची उपाशीपोटीची साखर जागेवर आली, कारण यकृतातली चरबी आधी उतरते. पुढे टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०१७ मध्ये आला. आहार घेतलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभराने गोळीशिवाय आटोक्यात होता. त्या चाचणीतही गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या. इन्सुलिन घेणाऱ्यांना तर चाचणीत घेतलंच नव्हतं.

मी बारीक झालेली भासऱ्यांनी पाहिली. नागपूर लांब, खर्चही मोठा. गावातल्या वजन उतरवण्याच्या क्लबात शेकच्या पावडरचा डबा मिळत होता. त्यांनी तो आणला. सकाळ-संध्याकाळ शेक, दुपारी काकडी. आणि न्याहारीआधी, वर्षानुवर्षांच्या सवयीने, ग्लिमेपिराइडची गोळी.

ही गोळी तुम्ही जेवलात की नाही हे पाहत नाही. ती स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतेच. ताटात भाकरी, वरण, भात असला तर ठीक. ताटच रिकामं असेल तर साखर खाली खाली जाते.

एका रात्री जाऊबाईंनी जिन्यातून हाक मारली, "वर ये वं लवकर, हे कसंतरीच बोलून राहिले!" भासरे घामाने निथळत होते. जीभ जड, नजर भलतीकडे. जाऊबाईंना वाटलं लकवा मारला. मी ग्लुकोमीटर लावला, आकडा ४१. गिळता येत होतं म्हणून साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने पाजलं. ते उठून बसले, आम्हाला ओळखू लागले. चहा-बिस्कीट खाल्लं. सगळ्यांना वाटलं, निभावलं. मला वाटलं नाही, कारण गोळी अजून अंगात होती. मी खुर्ची टाकून तिथेच बसले. पहाटे पुन्हा हात थरथरू लागले, पुन्हा तोच घाम. मग दवाखाना, सलाईन, आणि तासा-तासाला बोटाला सुई. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना लगेच घरी सोडलं नाही, ते फार बरं केलं. साखर एकदा वर आली म्हणून घरी आणलेला माणूस पुन्हा बेशुद्ध पडू शकतो, हे घराघरात माहीत असायला हवं.

दुपारी क्लबवाला भेटायला आला. केळी घेऊन आला. पलंगाशेजारी उभं राहून म्हणाला, "भाऊ, तुमचा एखादा शेक चुकला असंल."

एवढी मोठी रात्र गेली आणि दोष कोणाचा? पेशंटचा. आणि माझ्या भासऱ्यांनी मान खाली घातली. साठी ओलांडलेला, उभं आयुष्य शेतात राबलेला माणूस त्याच्यासमोर ओशाळा झाला, "हो, चुकला असंल" म्हणाला! एकही शेक चुकला नव्हता. जाऊबाई रोज स्वतः घुसळून देत होत्या. त्या तिथे उभ्या होत्या, त्यांना कोणी विचारलंही नाही. मी गोळीचं नाव घेतलं, तर तो म्हणाला, "मॅडम, हे औषध नाही, फूड आहे." फूड आहे म्हणून ईसीजी नको, रक्ततपासणी नको, गोळ्यांची यादी विचारायला नको! अमेरिकेत १९७०च्या दशकात अशीच द्रव प्रथिनं दुकानातून विकली गेली. कित्येकांची हृदयं अचानक थांबली, तेव्हा कुठे तिथलं सरकार जागं झालं. खाद्यपदार्थ म्हणून विकलं की पोटात गेल्यावरचे परिणाम टळत नाहीत.

माझं म्हणणं साधं आहे. ८०० कॅलरींचा आहार हा उपचार आहे. साखरेची, बीपीची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टर, मग पावडर. गोळी मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका. सरकारी दवाखान्यात बीपी-साखरेची तपासणी फुकट होते. तिथे विचारा, "मी खाणं एवढं कमी करतो आहे, गोळीचं काय करू?"

तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. तो क्लबवाला भासऱ्यांना रोज सकाळी फोन करायचा. काय खाल्लं, किती चाललात, झोप लागली का. माझ्या आहारतज्ज्ञ बाईंचा फोन आठवड्यातून एकदा यायचा, कधी तोही नाही. पावडर संपून मी भाकरीवर परतले तेव्हा मला कोणी रोज विचारलं असतं, तर उतरलेल्या किलोंपैकी काही पुन्हा चढले ते कदाचित चढले नसते. हे लिहितानाही त्या क्लबवाल्याचा राग येतोच.

भासऱ्यांनी परवा माझ्याकडून नागपूरच्या डॉक्टरांचा नंबर घेतला. जाऊबाई नको म्हणतात. मी नंबर दिला, आणि जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घ्या म्हणून सांगितलं.