वड्याचे तेल वांग्यावर

राग एकाचा आणि काढायचा दुसऱ्यावर, याला आपण 'वड्याचे तेल वांग्यावर' म्हणतो. ही म्हण कोणा पंडिताने केलेली नाही. घरोघरी जे घडत आले, तेच आपल्या आयाबायांनी चार शब्दांत सांगून ठेवले.

माझे लहानपण वसमत तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यात होतो. हिंगोली जिल्हा १९९९ साली झाला. आमचे दादा बाहेर फार शांत. मोंढ्यात आडत्याने हळदीच्या वजनात काट मारली, तरी 'बरं मालक' म्हणून मुकाट्याने पट्टी घेऊन निघत. घरी मात्र पाणी द्यायला जरा उशीर झाला, की तांब्या मायच्या अंगावर जाई. कधी पाठ माझी असे, कधी मुक्या बैलाची. मग शेजारीपाजारी म्हणत, "डोकं फिरलं होतं त्यांचं." मायला ते पटत नसे. ती म्हणायची, "फिरलं होतं, तर आडत्यापुढं कसं नाही फिरलं?"

पुढे मी मास्तर झालो. मानसशास्त्राचे पुस्तक हाती आले, तेव्हा मायचाच प्रश्न त्यात भेटला. अमेरिकेतील येल विद्यापीठात जॉन डोलार्ड व त्यांच्या चार सहकाऱ्यांनी १९३९ साली मांडले, की मनात धरलेली गोष्ट अडली म्हणजे हात उगारण्याची ऊर्मी उठते. अडवणारा बलवान असेल, तर ती दुबळ्याकडे वळते. पण दोनच वर्षांनी, १९४१ साली, त्यांच्यातल्याच नील मिलर यांनी दुरुस्ती केली. अडवणूक झाली म्हणजे माणूस मारतोच असे नाही. त्याला दुसऱ्या वाटाही असतात.

मग एकजण मारतो आणि दुसरा का मारत नाही? अल्बर्ट बंडुरा यांनी १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील ७२ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काही मुलांसमोर मोठ्या माणसाने हवेने फुगवलेल्या बाहुल्याला बदडले. काहींसमोर तो शांत खेळत बसला. काहींना काहीच दाखवले नाही. नंतर सगळ्याच मुलांना छान खेळणी दाखवून ती काढून घेतली. चीड सर्वांना सारखीच आणली. पण बदडताना पाहिलेली मुले त्याच तऱ्हेने, तेच शब्द बोलत बाहुल्यावर तुटून पडली. आमचा धाकटा भाऊही वासराला मारताना दादांच्याच शिव्या देत असे.

आता पोळ्याचे पाहा. त्या दिवशी बैलाने कितीही ओढाताण केली, तरी कोणी आसूड उचलत नाही. धन्याचा स्वभाव एका दिवसात बदलतो थोडाच? हात आवरता येतो, एवढेच. जो हात पोळ्याला आवरतो, तो बायकोपोरांवर उठताना आवरत नाही, असे कसे म्हणावे?

भाव आजही पडतात, पाऊस आजही दगा देतो, धुऱ्यावरून आजही कुरबुरी होतात. राग येणारच. म्हणून माझे एवढेच सांगणे, की बंधूंनो, मोंढ्यातून आल्यावर आधी पट्टी घरात सगळ्यांपुढे वाचून दाखवा. किती धरले होते, किती हाती आले, कोणी अडवले, ते बोला. घरच्यांना आकडा कळला, की तुमच्या कपाळावरच्या आठ्यांचा अर्थही कळेल. आणि दारातले पोर पाहत असते, याचे भान ठेवा.