वारा मोजणारा संगणक

काय सांगू तुम्हाला! पत्त्याच्या पानाएवढी एक हिरवी पट्टी. तिला शाळेतला टीव्ही जोडला, कीबोर्ड-माउस जोडला, मेमरी कार्ड खोचलं, चार्जर लावला आणि पडद्यावर अख्खा संगणक हजर! या रास्पबेरी पायबद्दल वाचलं होतं. मुलांना प्रोग्रामिंगची गोडी लागावी म्हणून केंब्रिजच्या एबेन अप्टन आणि सोबत्यांनी २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो ३५ डॉलरला विकायला काढला, हेही ठाऊक होतं. पण आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तो प्रत्यक्ष हातात घेतला, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचतच नाही.

कारण त्याच्या कडेला ४० पिना आहेत. त्यांतल्या बऱ्याच पिनांना स्विच जोडा, दिवा जोडा, तापमान सांगणारा सेन्सर जोडा. तो बाहेरच्या जगाची खबर घेऊ लागतो!

पोरांनी काय केलं? प्लॅस्टिकचे चेंडू अर्धे कापून फिरकी केली, तिला चुंबक चिकटवलं, खाली चुंबकाने चालणारा रीड स्विच बसवला. फेरा पुरा झाला की चुंबक स्विचवरून जातं आणि पडद्यावरचा आकडा एकाने वाढतो. झुळूक आली, आकडे धावू लागले. "सर, हे तं वारा मोजते!" एक मुलगी ओरडली. आता फेऱ्यांवरून वेग काढायचा कसा? वारा पडलेल्या पहाटे सरांनी मोटारसायकल ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने चालवायची, मागे बसलेल्या मोठ्या माणसाने फिरकी हवेत धरायची, आणि मिनिटाला किती फेरे पडतात ते टिपायचं. झालं वाऱ्याचं माप!

आणि वारा मोजणं आपल्याकडे हौसेची गोष्ट नाही. २०१७ साली कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. वाऱ्याच्या उलट फवारू नये, वारा जोरात असेल तर पंप पाठीवर घेऊच नये, हे बांधावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण या घडीला वारा किती, हे शाळेच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत दिसलं तर? मास्क आणि हातमोजे लागतीलच. पण "आज थांबू" म्हणायला मजुराच्या हाती एक आकडा येईल, तोही गावच्याच लेकरांनी मोजलेला!

तेव्हापासून डोक्यात कल्पनांची रीघ लागली आहे. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचंच घ्या. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री तिचे आठ-आठ पतंग सापडले, तर उपाय करायची वेळ आली असं कृषितज्ज्ञ सांगतात. मुलांनी रोज सकाळी आपापल्या शेतातले पतंग मोजून आकडे संगणकात भरावेत. कोणत्या शिवारात अळी आधी शिरली ते अख्ख्या गावाला दिसेल. झरी जामणी, मारेगाव, केळापूरकडच्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, याच संगणकाला माइक जोडून आजीच्या तोंडचे कोलामी शब्द तिच्याच आवाजात साठवावेत आणि मुलांनी त्यांना चित्रं काढावीत. जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे किविक्स या सॉफ्टवेअरने मराठी विकिपीडिया कार्डावर उतरवून ठेवावा. संगणकाच्या वायफायवरून वर्गातल्या मोबाइलवर तो उघडतो, इंटरनेटशिवाय!

महाराष्ट्राला हे स्वप्न नवं नाही. कर्जतजवळच्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्येच मुलांच्या हाती छोटे हिरवे लॅपटॉप आले होते. भर उन्हात पडदा वाचता येई आणि इंटरनेट नसतानाही ते एकमेकांशी बोलत! तेव्हा स्वस्त संगणक मुलांपर्यंत पोहोचला. आता त्याला गावाच्या कामाला लावू या.

त्यासाठी संगणकांनी भरलेली खोली नको. एक रास्पबेरी पाय, एक जुना टीव्ही, सोल्डरिंग येणारा गावचा मोबाइल दुरुस्तीवाला, एक उत्साही गुरुजी आणि ग्रामसभेने विचारलेला एक खरा प्रश्न, एवढं पुरे! विहिरीची पातळी असो, शाळेतल्या टाकीचं पाणी असो, नाहीतर वारा. प्रश्न गावाने ठरवावा. फक्त उशीर नको. पेरणीपूर्वी शाळेच्या गच्चीवर फिरकी बसली, तर यंदाच्या पहिल्या फवारणीला आकडा तयार असेल. बोला, तुमच्या गावात कधी बसवायची?